काकांचा वारा आणि सर्व्हरची रफ वही

आमच्या घरात कोणी ‘वारा!’ असं ओरडलं की हातातलं टाकून आधी पंखा बंद करायचा. कोण ओरडलं, कशाला ओरडलं, काही विचारायचं नाही. अगदी लहान पोरंसुद्धा बोर्डाकडे पळतात आणि हात पुरला नाही तर खुर्ची ओढतात. आमच्या जूचंद्र गावात रांगोळीवाल्यांची घरं बरीच, त्यामुळे मला लहानपणी वाटायचं की सगळ्या जगात असंच असतं. कॉलेजमध्ये पहिल्याच आठवड्यात शेजारची मुलगी म्हणाली, ‘काय मस्त वारा येतोय ना!’ आणि मी सरळ उठून पंखा बंद करून आले. अख्खा वर्ग माझ्याकडे बघत बसला.

तर एवढं सगळं अंगात भिनलेलं असताना मी काय केलं? रांगोळीच्या हॉलमध्ये तीन पंखे असलेला एक डबा नेऊन ठेवला. स्वतःच्या हाताने. त्याबद्दल घरात माझी जी काही खरडपट्टी निघायची ती निघून झाली आहे. पण त्या डब्यात त्या दिवशी जे झालं ते मी अजून कोणाला नीट सांगितलंच नाहीये. सांगायला लागले की लोक फोन बघायला लागतात. म्हणून लिहून टाकते.

माझे मोठे काका माणसांच्या चेहऱ्याच्या रांगोळ्या काढतात. दाराबाहेर काढतात तशी ठिपक्यांची नाही. सहा फूट बाय आठ फूट, जमिनीवर, नुसत्या चिमटीने, आणि समोर जे दिसतं ते असं की बघणारे खाली वाकून फोटो चिकटवलाय का ते तपासतात. दरवर्षी दिवाळीत गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन असतं. आधी चार दिवस हॉल बंद करून सगळे काढत बसतात, मग लोकांना सोडतात. शेवटच्या दिवशी ज्याने काढली तोच स्वतःच्या तळव्याने ती विस्कटतो. आमच्याकडे झाडू लावत नाहीत.

गेल्या वर्षीपासून काकांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बशीतला कप वाजायचा, मग सही वाकडी यायला लागली. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडं कमी होईल, पण हे वाढत जाणार. गंमत म्हणजे रांगोळी काढताना हात थरथरायचा नाही. निदान पहिला तासभर तरी नाही. मग ते डाव्या हाताने उजवं मनगट धरायचे आणि काढत राहायचे. या वेळी त्यांनी जेवताना एकदम सांगून टाकलं, ‘मोठा चेहरा हा शेवटचा. मंग बारकं बारकं काय ते काढीन.’ आणि भाजी वाढ म्हणाले.

ताटावर बसलेली ताई, म्हणजे काकांची मुलगी, तिथेच थांबली. हातात घास तसाच.

ताई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. काकांकडून सगळं शिकली. त्वचा, केस, साडीच्या निऱ्या, गळ्यातल्या पोतीची सावली, सगळं. एक गोष्ट सोडून. डोळे. तिचंच वाक्य आहे हे: ‘माझी माणसं डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखी दिसतात गं.’ बुबुळाच्या काळ्यावर शेवटी एक पांढरा ठिपका पडतो, उजेडाचा. मोहरीपेक्षा लहान. काकांनी तो टाकला की चेहरा एकदम तुमच्याकडे वळून बघतो, खरंच, अंगावर काटा येतो. ताईने टाकला की काळ्यावर एक राखाडी टेंगूळ येतं. पंधरा वर्षं विचारतेय ती. काकांचं उत्तर एकच.

‘सोडायचा गो ठिपका. त्यात काय सांगायचं?’

‘अहो बाबा, पण कसा सोडायचा?’

‘हातानं.’

बघून शिकावं तर त्यांची मूठच आड येते. हात जमिनीला टेकल्यासारखा खाली, आणि ठिपका पडायला दोन-तीन सेकंद. ताई समोरून वाकून बघायला गेली की, ‘सावली पाडू नको!’ मोबाइलवर व्हिडिओ काढून बघितला होता. मोठा केला की सगळा चिखल. कण दिसत नाहीत. आणि रांगोळीत सगळा खेळ कणांचा आहे.

त्या रात्रीचं जेवण झाल्यावर ताई माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘तू त्या कॉम्प्युटरचं काहीतरी करतेस ना? मला बाबांच्या हाताचा दर सेकंदाला एक फोटो पाहिजे. मोठ्ठा फोटो. प्रत्येक कण दिसेल असा. चारही दिवस.’

मी नायगावला एका छोट्या ऑफिसात कॉम्प्युटर सपोर्टचं काम करते. ‘काहीतरी’ म्हणजे तेच. मी लगेच म्हटलं, ‘हो! करू!’ मी नेहमी आधी हो म्हणते, मग बसून डोकं धरते.

कॅमेरा मिळाला, ताईच्या ओळखीतल्या लग्नाच्या फोटोग्राफरचा. तो वायरने लॅपटॉपला जोडायचा, लॅपटॉप दर सेकंदाला फोटो काढायला सांगणार. कॅमेऱ्याच्या कार्डात एवढे फोटो मावणार नव्हते, आणि माझा लॅपटॉप म्हातारा, त्याची बॅटरी मेलेली, डिस्क भरलेली. म्हणून मी ऑफिसने टाकून दिलेला एक जुना डबा घरी आणला, त्यात चार हार्ड डिस्क बसवल्या आणि त्याचा स्टोरेज सर्व्हर केला. झेडएफएस नावाची एक फाइल सिस्टिम आहे, डेटा सांभाळण्याच्या बाबतीत अत्यंत खडूस, ती टाकली. डिस्क दोन-दोनच्या जोडीत. जोडीतली एक मेली तर दुसरीवर तेच सगळं असतं. मला वाटलं, झालं काम.

पहिल्याच चाचणीत सगळं गचके खायला लागलं. एक फोटो एका सेकंदात, दुसरा तीन सेकंदांत, पुढचा परत दोन. ताई बाजूला बसून बोटांवर मोजत होती. ‘तीन सेकंदांत बाबांचा ठिपका पडून ते पाणी प्यायला उठतील.’

कारण काय होतं माहितीये? लॅपटॉप प्रत्येक फोटोनंतर सर्व्हरला विचारतो, ‘नक्की लिहिलास ना? लाइट गेली तरी राहील ना?’ आणि सर्व्हर प्रामाणिक असेल तर त्याला खरंच डिस्कवर लिहून मगच ‘हो’ म्हणावं लागतं. याला सिंक म्हणतात. हार्ड डिस्क म्हणजे आत फिरणारी तबकडी आणि वर धावणारी सुई. तीच सुई एकदा घाईघाईने इकडे लिहिते, मग तेच व्यवस्थित जागेवर लिहायला तिकडे पळते. दमते बिचारी.

ऑफिसातल्या सीनियर दादाला विचारलं. तो चहा पीत होता.

‘सिंक बंद करून टाक ना. सर्व्हर लगेच हो म्हणेल.’

‘पण लिहिलेलं नसेल ना तेव्हा?’

‘मेमरीत असेल. पाच सेकंदांनी लिहील. कोण बघतंय?’

‘आणि लाइट गेली तर?’

‘तर पाच सेकंद गेले. तुझ्या काकांची रांगोळी आहे, रॉकेट सोडतेस का?’

मी घरी येऊन बंद केलं. काय सुसाट धावायला लागलं! मग सहज, फक्त बघू म्हणून, चालू असताना सर्व्हरची वायर उपटली. परत चालू केला. शेवटचे चार फोटो नव्हते. नव्हतेच! लॅपटॉपला त्याने चारही वेळा ‘हो, लिहिला’ असं सांगितलं होतं. मला एवढा राग आला ना, जसं काही माणसानेच तोंडावर खोटं बोलावं.

त्या रात्री मी वाचायला बसले आणि मला ती गोष्ट सापडली. त्याला म्हणतात वेगळा लॉग. राइट लॉग. मी ताईला सांगितलं ते असं: समज, दुकानात एक हुशार माणूस आहे. येणारा माल तो डोक्यात लक्षात ठेवतो आणि दर पाच सेकंदांनी उठून सगळा कपाटात नीट लावतो. पण मधेच त्याला चक्कर आली तर डोक्यातलं गेलं. म्हणून तो शेजारी एक रफ वही ठेवतो. माल आला की आधी वहीत पटकन खरडायचं, ‘हो, मिळाला’ म्हणायचं, मग सावकाश कपाटात लावायचं. कपाटात लागला की वहीतलं खोडायचं. आमची रफ वही आत्तापर्यंत त्याच दमलेल्या हार्ड डिस्कवर होती. ती उचलून एका वेगळ्या एसएसडीवर ठेवायची. एसएसडीत काही फिरत नाही, सुई नाही, सगळं चिपमध्ये. खरडायला एकदम फास्ट.

‘मग कपाटात लावताना त्या वहीत बघून लावतो?’ ताईने विचारलं.

‘नाही! हीच तर गंमत आहे! डोक्यातूनच लावतो. वही तो कधी वाचतच नाही.’

‘कधीच?’

‘चक्कर येऊन पडला आणि परत उठला, तरच. त्या एका वेळी. नाहीतर रोज लाखो वेळा लिहायचं, खोडायचं, लिहायचं, खोडायचं. वाचायचं कधीच नाही.’

ताई हसली. मग म्हणाली, ‘मला तर हे आपल्यापैकीच कोणीतरी वाटतंय.’

पण कुठलाही एसएसडी चालत नाही. साध्या एसएसडीची स्वतःची पण थोडी मेमरी असते, लाइट गेली तर तोही शेवटचं विसरू शकतो. म्हणजे वहीलाच चक्कर. त्यासाठी वेगळे येतात, मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये वापरतात ते. मला एक जुना मिळाला, सेकंडहँड मालाच्या दुकानात, कोणी त्याच्याकडे बघत पण नव्हतं. घरी आणून स्क्रू काढून उघडला. मला माहितीये उघडायची गरज नव्हती, पण मला बघायचं होतं! आत एका कडेला पिवळसर कपॅसिटरची ओळ. चण्याच्या डाळीएवढे, एकाला एक चिकटून बसलेले. लाइट गेली की यांच्यात साठलेल्या विजेवर तो एसएसडी सेकंदाच्या काही भागापुरता जिवंत राहतो. तेवढ्यात हातातलं वाक्य पूर्ण लिहितो. मग मरतो. मी तो हातात धरून इतका वेळ बसले की आई म्हणाली, ‘अंडं फुटायची वाट बघतेस का?’

जोडताना मी जवळजवळ सगळं घालवलं होतं. मी टाइप खूप फास्ट करते, आणि कमांडमध्ये ‘लॉग’ हा एक शब्दच गाळला. त्या एका शब्दाशिवाय त्याचा अर्थ होतो, हा एसएसडी कपाटाचाच कायमचा कप्पा करून टाक. आणि तो मेला की कपाटासकट सगळं जातं. एंटर दाबल्यावर सिस्टिमने नकार दिला. बाकीच्या डिस्क जोडीत आहेत, ही एकटी कशी चालेल, असं म्हणाली, आणि जबरदस्ती करायची असेल तर तसं लिही. मी कीबोर्डवरून हात उचलले. उठून पाणी प्यायले, परत आले, आणि एकेक अक्षर बघत, आमच्या गावातल्या पहिलीच्या पोरासारखी, परत टाइप केलं. या वेळी ‘लॉग’ शब्दासकट.

मग फोटो. एक सेकंद, एक फोटो. एक सेकंद, एक फोटो. आणि सिंक चालू! सर्व्हर प्रत्येक वेळी खरं बोलत होता! वायर उपटली, चालू केला, एकही फोटो गेला नव्हता. मी दहा वेळा उपटली. ताई म्हणाली, ‘आता बास, बिचाऱ्याला किती वेळा मारशील.’

हॉलमध्ये चित्र सुरू झालं. काकांनी घेतला होता गावातल्या एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा, जी पूर्वी मिठागरात कामाला जायची. जुना फोटो होता. मिठाच्या ढिगांवरून परत येणाऱ्या उन्हात तिने डोळे बारीक केलेले, भुवयांवर आठ्या, आणि तरी बुबुळात उजेड. म्हणजे अख्खा चेहरा त्या दोन ठिपक्यांवर उभा.

खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली. पंखे बंद. दिवाळीआधीची ती चिकट गरमी. सगळ्यांच्या कपाळाला पंचे बांधलेले, कारण घामाचा एक थेंब खाली पडला तर गालावर खड्डा. मी कॅमेरा छोट्या स्टँडवर काकांच्या डाव्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच लावला होता, आणि ते सरकले की मी सरकवायचे. काकांनी पहिल्या दिवशी त्याच्याकडे संशयाने बघितलं. ‘हा मधे मधे बोलनार नाय ना?’ नंतर विसरले.

सर्व्हर मी स्टेजच्या पायऱ्यांखाली ठेवला होता, पंखे भिंतीकडे. शेजारी यूपीएस, कारण आमच्याकडे लाइट कधीही जाते. एवढी अक्कल मला होती. पण दिवसेंदिवस हॉल तापत गेला, त्यात रांगोळीची पूड हवेत, ती डब्याच्या जाळीत जाऊन बसली. डबा गरम व्हायला लागला की पंखे जोरात फिरतात. चौथ्या दिवशी दुपारी ते किती जोरात फिरत होते हे माझ्या लक्षात आलं नाही. भिंतीवर आपटून हवा पायऱ्यांच्या फटीतून बाहेर येत होती, जमिनीला धरून, सरळ.

काका डोळ्यांपाशी होते. हॉलमधले बाकीचे पण उठून लांब उभे राहिले होते, काकांचे डोळे बघायला दरवर्षी राहतात तसे. ताई भिंतीला टेकून बोर्डाजवळ बसलेली, कारण तिला जवळ यायची बंदी. मी लॅपटॉपपाशी. काकांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. मूठ खाली गेली. उजवा डोळा. माझ्या स्क्रीनवर आकडा पुढे सरकत होता. मूठ वर आली. ठिपका पडला होता!

आणि त्याच क्षणी काकांनी मनगट पुढे करून हवेत धरलं, जसं पाणी गरम झालंय का बघतात तसं, आणि ओरडले.

‘वारा!’

ताई उठली. विचार वगैरे काही नाही, मी सांगितलं ना, आमच्यात विचार करत नाहीत. तिने बोर्डावरची सगळी बटणं एका फटक्यात बंद केली. दिव्यांचा बोर्ड दुसरीकडे, म्हणून उजेड तेवढा राहिला. लॅपटॉप गेला. यूपीएस बीप-बीप करायला लागला आणि त्याचा पंखा घुरघुरला. ताई पायऱ्यांपाशी पोचलेली होती. ‘याला पण पंखा आहे!’ असं म्हणून तिने त्याचं पण बटण दाबून धरलं. बीप थांबलं. सर्व्हरचे पंखे हळूहळू घरंगळत थांबले.



ताईने माझ्याकडे बघितलं. मग पायऱ्यांखाली बघितलं. मग तिला कळलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी मान न वळवता एक बोट वर केलं. गप्प. हात जमलेला होता, तो सोडून कसा चालेल? मूठ परत खाली गेली आणि त्यांनी डावा डोळा काढला. त्या डोळ्याचा एकही फोटो नाही. कॅमेरा तिथेच, त्याला सांगणाराच मेलेला. दोन-तीन सेकंद, आणि मिठागरातली ती म्हातारी ऊन चुकवत आमच्याकडे बघायला लागली. मागे कोणीतरी ‘आई गं’ म्हणालं.

मग काका पदराच्या काठाकडे वळले. ते उठेपर्यंत कुठलंही बटण चालू करायचं नाही, हा पण नियमच. पाऊण तास! मी आणि ताई पायऱ्यांवर शेजारी शेजारी बसलेलो, आणि कुजबुजत बोलत होतो.

‘किती गेलं असेल?’

‘आधीचं काही जाणार नाही. प्रश्न फक्त शेवटच्या पाच सेकंदांचा आहे. ते कपाटात लागले नसणार. डोक्यात असणार.’

‘म्हणजे ठिपका.’

‘हो. ठिपकाच.’

ती दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली. ‘पंधरा वर्षं, आणि माझ्याच हाताने.’

‘अगं वही आहे ना.’

‘तू घरी दहा वेळा केलंस ते सोड. आत्ता तिने लिहिलं असेल का?’

मला ‘हो’ म्हणायचं होतं. मी नेहमी आधी हो म्हणते ना? पण म्हणता येईना. मी त्या डाळीएवढ्या कपॅसिटरांचा विचार करत होते. कोणत्या कंपनीच्या कोणत्या खोलीत किती वर्षं राबून तो एसएसडी माझ्याकडे आला, मला काय माहीत. त्यांच्यात जीव उरला होता का, त्या एका क्षणापुरता?

काका उठले, गुडघे चोळले, आणि मग पहिल्यांदा आमच्याकडे बघितलं. ‘काय जालं? तोंडं का पाडलीत?’  मी डबा, लॅपटॉप, कॅमेरा सगळं उचलून मागच्या वर्गात नेलं, तिथे जोडलं, डब्याचं बटण दाबलं.

मला वाटलं होतं, काहीतरी दिसेल. स्क्रीनवर ओळ येईल, ‘वही वाचतोय’, ‘पाच सेकंद परत लावतोय’, असं काहीतरी. काही नाही. नेहमीसारखा चालू झाला, नेहमीसारखा पासवर्ड मागितला. जे काय वाचायचं ते त्याने गुपचूप वाचलं होतं.

कॅमेऱ्याची स्वतःची बॅटरी होती, तो अजून चालू होता. त्याच्या मागच्या स्क्रीनवर पुढच्या फोटोचा नंबर दिसतो, ९९९९ झाले की परत एकपासून. ७३१६. मी फोल्डर उघडला आणि शेवटी गेले. ताई माझा खांदा इतका दाबत होती की दुसऱ्या दिवशी निळा पडला.

७३१५.

एकूण एक! मी ओरडले की नाही मला आठवत नाही, ताई म्हणते शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू गेलं. चार दिवस ती वही लिहीत होती, खोडत होती, कोणी तिच्याकडे ढुंकून बघत नव्हतं, आणि ज्या एका क्षणी ती लागणार होती त्या क्षणी तिने मरता मरता तेवढं वाक्य पूर्ण लिहिलं होतं. एका जुन्या, कोणाला नको असलेल्या वस्तूने! मला रडू आलं. खोटं कशाला सांगू.

मग आम्ही फोटो मोठे केले. ७३११, काळं बुबुळ आणि मूठ येतेय. ७३१२, मूठ आड, काही नाही. ७३१३, आणि ताई म्हणाली, ‘थांब. हे काय आहे?’

काकांच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधे, चिमटीच्या मागे लपलेली, झाडूची एक हिराची काडी होती. बोटभर लांब. तिचं टोक काळ्या पुडीत रुतलेलं. ७३१४ मध्ये काडी वर आलेली आणि काळ्यात एक खड्डा. सुईच्या छिद्राएवढा, कडा स्वच्छ. ७३१५ मध्ये त्या खड्ड्यात पांढरं.

खड्डा! ताई पंधरा वर्षं काळ्याच्या वर पांढरं ठेवत होती, ते पसरून राखाडी होत होतं. काका आधी काळ्यात जागा करत होते आणि पांढरं आत सोडत होते. म्हणून तो उजेड आतून आल्यासारखा दिसायचा.

ताई दारात जाऊन ओरडली, ‘बाबा! इकडे या! तुम्ही काडी वापरता!’

‘कसली काडी?’

‘हिराची! तुमच्या बोटात आहे!’

काकांनी स्वतःचा हात बघितला. काडी अजून तिथेच होती. ते तिच्याकडे असे बघत होते जसं कोणीतरी खिशात टाकून गेलंय. ‘ही कचरा उचलायला अस्ते. केस, मुंगी, काय पडलं तर.’

मी त्यांना ७३१३ दाखवला. मग ७३१४. ते लॅपटॉपच्या इतके जवळ आले की स्क्रीनला श्वासाची वाफ धरली.

‘हा माजा हात?’

‘तुमचाच.’

‘परत दाव.’

मी परत दाखवला. सात-आठ वेळा दाखवला. त्यांना खरंच माहीत नव्हतं! एवढी वर्षं ‘सोडायचा गो ठिपका’ असं सांगताना ते काही लपवत नव्हते. हाताने त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. काका बाकावर बसले आणि उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. तो थरथरत होता, आणि या वेळी त्यांनी डाव्या हाताने धरला नाही.

ताईने वर्गातला बाक बाजूला सरकवला, फरशी पदराने पुसली, आणि झाडूतून एक हीर तोडून आणला. काळं पसरलं. पहिला खड्डा ढासळला. दुसऱ्यात पांढरं जास्त पडलं. तिसऱ्या वेळी ती इतकी वाकली की कपाळ फरशीला लागेल, आणि मी सवयीने डोक्यावरचा पंखा बंद आहे ना ते बघितलं. मग ती मागे सरकली.

फरशीवर नुसता एक डोळा होता. ना चेहरा, ना भुवई. आणि तो आमच्याकडे बघत होता.

  काका बाकावरून उठले, खाली उकिडवे बसले, एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं.

‘हां,’ ते म्हणाले. ‘आता दुसरा काड. एका डोल्यानं काय बगल ती?’